कमरेमागची पिशवी

“चौथं कोण बसणार?” नणंदेने पत्ते पिसत विचारलं आणि हेमलताकडे बघायचं नेमकं टाळलं.

कंबरदुखी मागे लागल्यापासून हेमलताला कुकरला कुकर म्हणायचंही वेळेवर सुचत नसे. दिवाळीत मेंढीकोट खेळताना तर तिने आपल्याच भिडूच्या जिंकलेल्या हातावर हुकूम वाया घालवला होता. भिडू म्हणजे सासरे. त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, “स्मरणशक्ती शाबूत आहे हो, पण निम्मं लक्ष ते दुखणंच खातं.” घरात हे कोणालाच पटलं नव्हतं.

“मी बसते की,” म्हणत तिने गरम पाण्याची पिशवी कमरेमागे सरकवली. नवरा आणि नणंद एकमेकांचे भिडू होते; समोर बसलेल्या सासऱ्यांनी कपाळाला हात लावला.

शेक लागला तशी कंबर गप्प झाली. कोणती पानं गेली, कोणती कोणाकडे उरली, तिला सगळं लख्ख दिसू लागलं. शेवटच्या हाताला, जपून ठेवलेल्या हुकमाने तिने नवऱ्याची इस्पिक दश्शी मारली. चारही मेंढ्या, म्हणजे दश्श्या, तिच्या आणि सासऱ्यांच्या जोडीकडे! कोट! सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली.

त्या खुशीत ती चहा करायला उठली आणि ओट्यापाशी कमरेत कळ आली. चहा झाला, पण बिनसाखरेचा. पहिल्याच घोटाला नणंद फिस्सकन हसली. हेमलताचा चेहरा उतरला.

सासरे पिशवी उचलून उठले.

“तू जागची हलू नकोस. साखर मी आणतो, पिशवीही भरून आणतो. अजून दोन कोट द्यायचेत यांना.”