दिसेल, पण ऐकू येणार नाही

"ताई, आम्ही तुम्हाला दिसू, पण आमचं बोलणं ऐकू येणार नाही. मुलांशी बोलताना आमचा तसा नियमच आहे," असं सांगून स्वरदानं प्लास्टिकच्या दोन खुर्च्या अंगणापलीकडच्या फणसाखाली नेल्या. एकीवर ती बसली, दुसरीवर जयाची मुलगी वैष्णवी.

स्वरदा पुण्याच्या समाजकार्य महाविद्यालयातली. मुलं आपापल्या घरात सुखी आहेत का, याचा अभ्यास करायला ती कासार आंबोलीत आली होती. जयानं खुशाल परवानगी दिली होती. आपली घुमी पोर काय डोंबल बोलणार! आठवीत गेल्यापासून घरात ती तोंड उघडायची ते जेवायला.

जया ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसली. बघते तर काय, पोर बोलत होती. हातवारे करकरून बोलत होती. मधेच खुदकन हसली. मग मान खाली घालून गप्प झाली, ओढणीनं डोळे पुसले आणि पुन्हा सुरू. स्वरदा तिचं बोलणं तोडत नव्हती, मोबाइलकडे बघत नव्हती. नुसती ऐकत होती.

जयाचा जळफळाट झाला. जन्म दिला मी, आणि मनातलं सांगायला ही कोण कुठली! चहाचं निमित्त काढून ती फणसाखाली गेली, तर दोघीही गप्प. "ठेव ना तितं," वैष्णवी म्हणाली. कप ठेवून जया परत आली. मग दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत पडू लागली.

बोलणं संपलं. वैष्णवी गुणगुणत गोठ्याकडे गेली. जया तरातरा फणसाखाली आली.

"काय म्हनली?"

"ते तिचं आहे, ताई. मला सांगता येणार नाही."

"मी आई हाय तिची."

"काळजीचं काही असतं तर तुमच्याशी बोलले असते मी. तसं काही नाही."

जया उभीच राहिली. घरात नवरा प्लॉटच्या गिऱ्हाइकाशी फोनवर गोड गोड बोलत होता. तिच्याशी बोलायचा ते 'वाढ' आणि 'उचल' एवढंच. या घरात आल्यापासून आपल्याला असं समोर बसवून कुणी काही विचारलंय का, हे तिनं आठवून पाहिलं. काही आठवेना. पोटच्या पोरीचाच हेवा वाटत होता तिला. तिची तिलाच लाज वाटली.

स्वरदानं पिशवी खांद्याला लावली.

"म्याडम, आमाला न्हाई का कायच विचारायचं?"

"हा अभ्यास फक्त मुलांचा आहे, ताई." पण जयाचा चेहरा पाहून ती थांबली. "काय विचारू?"

जयानं पदराला हात पुसले आणि पोरीच्या खुर्चीत बसली.

"कायबी विचारा."