परत

पक्षाघातानंतर नवऱ्याच्या तोंडून एखादाच शब्द फुटायचा. उद्यापासून त्याला फिजिओथेरपीला जुन्या गाडीतून तीच नेणार होती, म्हणून पुढच्या चाकांचे झिजलेले ब्रेकपॅड तिनेच बदलले. तो शेजारी खुर्चीत बसून बघत होता. चाकं बसवून तिने ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला टेकलं. "अहो, काय चुकलं माझं?" "परत," तो म्हणाला. म्हणजे सगळं परत खोलायचं? ती गोंधळली. उतरून तिने पाना उचलला. "परत! परत!" तो कासावीस झाला. "खोलतेय ना!" ती रडकुंडीला आली. तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. धड असलेला डावा पाय तो जमिनीवर पुन्हा पुन्हा दाबत होता. ती झटकन गाडीत शिरली. ब्रेक दाबला, सोडला, दाबला. नवे पॅड जागेवर सरकत गेले, तसं पेडल घट्ट होत गेलं. तिने त्याच्याकडे बघून मान डोलावली, तेव्हा कुठे खुर्चीतला पाय थांबला.