बिस्किटचं वजन

नेब्रास्कातल्या त्या जत्रेत बैल बाराशे पौंड भरला, की लिलावात जाई आणि लिलावातून थेट कत्तलखान्यात. कमी भरलेला घरी परते. म्हणून नऊ वर्षांच्या ग्रेटाने उन्हाळाभर आपल्या बैलाचा, बिस्किटचा, निम्मा मका गुपचूप कोंबड्यांना घातला. काट्यावर तो अकराशे ऐंशीच भरला आणि तिने त्याच्या गळ्याला मिठी मारली. “तरीच यंदा कोंबड्या टर्कीएवढ्या दिसतायत!” बाबा म्हणाले आणि त्यांनी खाटकाला फोन लावला. “शनिवारी बैल आणतो रे. घरच्याच फ्रीजरसाठी.” ग्रेटा थिजली. “पण बाबा, दादाचा बैल कमी भरला तेव्हा त्याला काकांच्या कुरणात सोडलंत ना?” बाबांनी टोपी काढून हातात घेतली. “पोरी, मग गेल्या हिवाळ्यात आपण काय खाल्लं?” त्या संध्याकाळी जेवणाआधी बाबांनी देवाचे आभार मानले. सगळे आमेन म्हणाले. ग्रेटाचे ओठ हलले नाहीत.