अंगचा उजेड

शाल्मली काळ्या पडद्याआडच्या खोलीत पुन्हा शिरली आणि तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सकाळपासूनची ही पाचवी खेप. यकृताच्या पेशी तशाच हिरव्यागार चमकत होत्या. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

आजारी पेशी तेवढ्या उजळवणारा रंग तिने आणि तिच्या मार्गदर्शक मॅडमनी चार वर्षं खपून बनवला होता. त्यावरचा शोधनिबंध संध्याकाळी जायचा होता.

पडदा सरकवून मॅडम आत आल्या, भिंगात डोकावल्या आणि हरखल्याच. "अगं, किती सुरेख बसलाय रंग! हाच फोटो पहिल्या पानावर घालू."

"मॅडम, ह्या निरोगी पेशी आहेत. आणि मी रंग लावलेलाच नाही."

"मग चमकतंय काय?"

"त्यांचा अंगचाच उजेड. सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या प्रकाशात पेशी आपल्याआपणच चमकतात. आपले सगळे फोटो बहुधा असलेच आहेत."

मॅडम भिंगावरून डोळा काढेनात. मग कडाडल्या, "बिनरंगाची स्लाइड पहिल्याच वर्षी बघायला काय झालं होतं तुला?"

"पहिल्याच वर्षी बनवली होती, मॅडम. तुम्हीच म्हणालात, रंगच नाही तर बघायचं काय? फेकून दे."