खोडावरचा आकडा

सालीच्या तुकड्यात नऊ रेघा होत्या, वर्षाला एक. आम्रपालीनं तो पोर्तुगालच्या खेड्यातून आणला होता. तिथली बाटलीच्या बुचाची झाडं आणि साल सोलणाऱ्यांची गाणी ती नोंदवत होती. तिथून पुन्हा बोलावणं येऊन महिना झाला. आज पाचपर्यंत होकार द्यायचा होता. बाबांना याचा पत्ता नव्हता. आई गेल्यापासून खुर्सीपार वस्तीतल्या घरात दोघंच. बाबांनी तुकडा तळहातावर तोलला. "याले तं वजनच नाही. साल काढली तं झाड मरत नाही?" "नवी येते. काढली त्या वर्षाचा आकडा खोडावर रंगवतात. नऊ वर्षं हात लावत नाहीत." "आमीबी प्लांटात पोलादाच्या स्लॅबवर आकडे रंगवत होतो." ते खोकले; खोकला थांबेपर्यंत तिनं सेकंद मोजले. पावणेपाच झाले. "रोज पासपोर्ट पाहून राहिली तू. तुह्या पाठीवर कोनता आकडा रंगवू, बाई?" "याच वर्षाचा, बाबा. जूनमध्ये मी चालली, तीन वर्षांसाठी."