बारावा फोटो

पांढरी घोडी वळली आणि सरळ त्यांच्याच दिशेने निघाली.

"हलू नका!" फोटोवाला गोलू शेताच्या धुऱ्यावरून ओरडला आणि स्वतः बाभळीमागे गेला. कॅमेरा नवा होता.

मे महिन्याची दुपार. भिलाईहून धमध्याकडे जाणारा रस्ता तापून रिकामा पडलेला, कडेला फक्त प्रफुल्लची गाडी उभी. एका बाजूला उन्हाळी धानाची हिरवी शेतं, दुसऱ्या बाजूला पडीत रान, तिथे तीन-चार घोड्या चरत होत्या. लग्न आठ दिवसांवर आलं, म्हणून हे फोटो. मोना लाल लेहंग्यात, प्रफुल्ल शेरवानीत, डोक्याला नवरदेवाचा गुलाबी साफा. अकरा झाले होते. अकराही सारखेच: तो हात पसरून पुढे, ती त्याच्या पाठीआड. दर वेळी तो म्हणे, "भिऊ नको, मी आहो ना!" बारावा घोड्यांसोबत काढायचा होता.

याआधी मोनाने त्याला दोनदाच पाहिलं होतं, दोन्ही वेळा मध्ये चहाचे कप. माणूस कसा आहे, असं तिने आईला विचारलं, तर आई म्हणाली, "स्टील प्लांटात परमनंट आहे."

घोडी धावू लागली. मागे धुळीचा लोट.

तिच्या हातातला प्रफुल्लचा हात कधी सुटला, तिला कळलंच नाही. गाडीचं दार आपटलं. साफा चौकटीला अडकून बाहेरच पडला. मग चारही दारं एकदम लॉक झाल्याचा आवाज आला.

"प्रफुल्ल, दार खोल! दार खोल ना!"

तो काचेआडून हाताने दाखवून राहिला होता, तिकडे पळ, तिकडे. काच खाली आली नाही.

त्या लेहंग्यात धड चालताही येत नव्हतं, पळणार कुठे? मोनाने पायाशी पडलेला साफा उचलला आणि घोडीला हाकलायला जोरजोरात हलवला. घोडी अजूनच वेगाने आली. टापा अंगावर आल्या. मोनाने डोळे गच्च मिटले.

टापा थांबल्या. हातावर गरम श्वास आला. ओले ओठ तिच्या तळव्यात काहीतरी शोधू लागले.

"डरना मत, बेटी!" रानातून एक म्हातारा धापा टाकत आला. घोडीवाला बाबुलाल. "बरात की घोड़ी है. दूल्हे के हाथ से भीगी चना दाल खाती है न, तो साफा दिखा नहीं कि दौड़ी." त्याने तिच्या हातातला साफा पाहिला, लेहंगा पाहिला, इकडेतिकडे पाहिलं. "शादी किसकी है?"

गाडीची काच दोन बोटं खाली आली. "गेली का?" आतून प्रफुल्लने विचारलं.

मोनाने साफा घोडीच्या गळ्यात घातला.

"माझी होणार होती," ती बाबुलालला म्हणाली.