समोर नसलेली माणसं

"यातली कुठली बाजू वर ठेवू?" संग्रहालयाच्या बाईंनी विचारलं.

त्यांच्या हातात विजेचं जुनं बिल होतं. बिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं काढलेला एक माणूस चहाचा कप हातात धरून पेंगत होता.

"बाबांची बाजू वर ठेवा," दादा म्हणाला. "बिल कधीच भरून झालंय."

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. आता टेबलावर, सोफ्यावर, फरशीवर, जिथे बघावं तिथे तिचे कागद पसरले होते. आई चित्रकार म्हणून नावाजलेली, पण कोऱ्या कागदाशी तिचं कधी जमलं नाही. घरात जो कागद हाताला लागेल त्याच्या पाठीवर ती चित्र काढायची. त्यामुळे चित्रं हवीत तर सगळ्या घराची कागदपत्रं घेणं संग्रहालयाला भाग होतं. दुपारी गाडी येणार होती.

दादाला स्वतःचं शाळेतलं प्रगतिपुस्तक सापडलं.

"गणितात गटांगळ्या खाल्लेल्या. हेसुद्धा काचेत लावणार?"

"मागे तुमच्या मावशींचं चित्र आहे," बाई म्हणाल्या. "लावावंच लागेल."

त्याची धाकटी बहीण हसली नाही. ती सकाळपासून एकच गोष्ट शोधत होती. बाबा ढिगानं होते. दादा वसतिगृहाच्या खाटेवर होता, बुटाची नाडी बांधत होता, नाक शिंकरत होता. पळून गेलेला बोका होता. गाव सोडून गेलेली शेजारीण होती. धाकटी कुठेच नव्हती. घरच्यांनी आवडेल ते एकेक चित्र ठेवून घ्यावं, असं बाईंनी आनंदानं कबूल केलं होतं. दादानं आपलं केव्हाच निवडलं होतं. पन्नाशी उलटलेल्या धाकटीला आईच्या हातचा आपला एक चेहरा हवा होता, आणि त्यासाठी तिचा जीव तीळतीळ तुटत होता.

"तुमचं एकही कसं नाही?" बाईंनी शेवटी विचारलंच.

"ही घरातून हललीच नाही ना कधी," दादा म्हणाला. "आई समोरच्या माणसाचं चित्र काढायचीच नाही. एकदा काका चांगले कपडे करून बसले, माझं चित्र काढ म्हणाले. तिनं चहा पाजून वाटेला लावलं. म्हणाली, 'समोर आहात, दिसताय, मग चित्र कशाला?' गेल्यावर दुसऱ्या दिवशी काढलं. बाबांची नोकरी फिरतीची, म्हणून ते एवढे."

"मी गेले होते की एकदा," धाकटी म्हणाली. "ऑफिसच्या प्रशिक्षणाला, दोन दिवस. परत आले ती पिशवीही खाली न ठेवता टेबलाकडे धावले. नवीन चित्र होतं."

"मग?"

"बोक्याचं. तो नेमका त्याच दिवशी पळाला होता."

या वेळी दादाही हसला नाही. त्यानं बहिणीपुढे पाण्याचा पेला सरकवला.

"शेवटी आजारी होत्या ना?" बाईंनी विषय बदलला.

"वर्षभर अंथरुणाला खिळलेली. पण तोंड तसंच, खोडकर. मी औषधांवरून दटावायचे, म्हणून मला अहो-जाहो करायला लागली होती. चहा दिला की आभार मानायची. संध्याकाळ झाली की म्हणायची, 'निघा आता, घरी वाट बघत असतील.' मी म्हणायचे, निघते हं, आणि दिवा लावून तिथेच बसायचे."

"चित्रं काढायच्या?"

"रोज. फळी गुडघ्यांवर उभी धरायची, मला दिसू नये म्हणून. झाला कागद की गादीखाली. मीही कधी डोकावले नाही. बाबाच असणार, दुसरं कोण?"

"तो गठ्ठा मी बांधला," दादा म्हणाला. "वरवर बघितला, सगळ्या रेघोट्याच वाटल्या. त्या शेवटच्या खोक्यात असेल."

बाईंनी खोकं उघडलं आणि गठ्ठ्याची सुतळी सोडली. वरच्या दोन-तीन कागदांवर खरोखरच थरथरत्या रेघा होत्या. त्याखालचा कागद त्यांनी उजेडात धरला. दोन वेण्यांची एक मुलगी, पुढचा दात पडलेला, तोंड भरून हसत होती. पुढच्या कागदावर तीच मुलगी खिडकीच्या गजांना धरून उभी. मग तीच थोडी मोठी, सायकल ढकलत. मग साडीत, खांद्याला पर्स, दारातून बाहेर पडताना मागे वळून बघणारी.

दादा वाकून बघायला लागला. "अगं, ही तू आहेस."

धाकटीनं चष्मा चढवला. एक कागद घेतला, दुसरा घेतला. सगळ्या गठ्ठ्यात दुसरं कोणी नव्हतंच. बाबाही नव्हते. तिनं तो दात पडलेला चेहरा छातीशी धरला आणि लहान मुलीसारखी रडली. इतकी वर्षं ज्यासाठी झुरत होती ते मिळालं होतं. दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचेही डोळे भरून आले होते.

बाईंनी तिला मनसोक्त रडू दिलं. मग एकेक कागद उलटा करून त्या तारखा बघू लागल्या. सगळी औषधांच्या दुकानाची बिलं होती आणि सगळी आईच्या शेवटच्या वर्षातली.

"म्हणजे त्या वर्षी मधले बरेच दिवस तुम्ही बाहेरगावीही होतात," त्या समाधानानं म्हणाल्या. "कुठे गेला होतात?"

धाकटीनं छातीशी धरलेला कागद हळूच टेबलावर ठेवला.

"कुठेच नाही," ती म्हणाली. "मी तिच्या उशाशी बसून पेन्सिलींना टोक काढून देत होते."